कुर्ल्याची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लाल रंगाची जुनी गाडी उभी असते. नवा माणूस आला की वॉचमनला हमखास विचारतो, "ही कुणाची? चालते का?" वॉचमन माझ्याकडे बोट दाखवतो. गाडी माझी आहे आणि ती चालते. २००२ सालची फियाट पालिओ, १.६ लिटरच्या इंजिनाची. आज तिच्याबद्दल बोलायचं म्हणजे थोडं माझ्याबद्दल आणि बरंचसं कुर्ल्याबद्दल बोलावं लागेल, कारण ती कुर्ल्यात जन्मलेली गाडी आहे.

सुरुवात वडिलांपासून करतो. आमच्या घरी १९८२ मध्ये प्रीमियर पद्मिनी आली. नोंदणी करून कित्येक वर्षं वाट पाहावी लागण्याचे ते दिवस होते. कंपनीनं नाव पद्मिनी ठेवलं, पण घरात आणि गल्लीत तिला 'फियाट'च म्हणत. वडील रविवारी सकाळी बनियनवर बॉनेट उघडून उभे राहत. प्लग काढून घासायचे, पॉइंट्स तपासायचे, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. मी पाने हातात देण्याच्या कामावर असे. त्या गाडीचे गिअर स्टीअरिंगजवळच्या दांड्यानं पडत. ज्यांनी ती चालवली आहे त्यांच्या डाव्या हाताला ते अजून आठवत असेल.

ही फियाट इटलीची, मग ती कुर्ल्यात कशी? त्याची मुळं १९३० च्या दशकात आहेत. भारतात मोटारी बनाव्यात म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत कारखाना काढण्याची योजना तयार केली. १९३७ मध्ये आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानंही तिला पाठिंबा दिला. ती कल्पना प्रत्यक्षात आणली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजं, विमानं आणि साखर या तिन्ही उद्योगांत उडी घेतलेला हा माणूस मोटारींपासून कसा लांब राहणार? १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, १९५० च्या दशकात फियाटशी जमलं. फियाटची ११०० ही गाडी इथं आली आणि १९६४ पासून तिचं 'डिलाइट' हे रूप बनू लागलं. तीच पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७० च्या दशकात 'पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडावा लागला.

आता एक गंमत सांगतो. पद्मिनी म्हटलं की आपल्याला सावकाश जाणारी, डुलणारी टॅक्सी आठवते. पण तिची मूळ इटालियन पिढी तशी नव्हती. १९५३ मध्ये फियाटनं ११०० ची 'टी. व्ही.' नावाची आवृत्ती काढली होती. टी. व्ही. म्हणजे 'तुरिस्मो वेलोचे', वेगवान प्रवासाची गाडी. इटलीत इंजिनाच्या आकारावर कर बसे, त्यामुळे मोठं इंजिन सामान्य माणसाला परवडत नसे. रस्ते डोंगराळ आणि हौस मात्र दांडगी. मग छोट्या इंजिनातून जास्तीत जास्त ताकद काढायची आणि ते चार माणसांच्या साध्या गाडीत बसवायचं, ही तिथली रीतच पडली. कार्लो अबार्थ यांनी फियाट ६०० सारखी चिमुकली घरगुती गाडी शर्यतीत उतरवली, ती याच रीतीनं. आठवडाभर कामावर आणि बाजाराला नेणारी गाडी रविवारी डोंगराच्या वळणांवर मजा देते, हा त्यांचा हिशेब.

हा हिशेब आमच्यापर्यंत पोचायला २००१ साल उजाडावं लागलं. त्याआधी १९९६ मध्ये युनो आली होती, १९९९ मध्ये सिएना. मग आली पालिओ. इटलीतल्या सिएना शहरात दरवर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये भर चौकात घोड्यांची शर्यत होते, तिचं नाव पालिओ. ब्राझीलमध्ये १९९६ मध्ये निघालेली ही गाडी अनेक देशांत बनत होती. भारतात आलेल्या रूपाचा चेहरामोहरा जॉर्जेतो जुजारो यांच्या संस्थेनं सुधारलेला होता. तिची एक आवृत्ती १.६ लिटरची होती. सोळा व्हॉल्व्ह आणि सुमारे १०० अश्वशक्ती. त्या वेळच्या आपल्याकडच्या छोट्या गाड्या ५०-६० अश्वशक्तीत समाधानी होत्या, हे लक्षात घ्या. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि त्याच्या नावानं 'एस-टेन' ही मोजक्याच गाड्यांची आवृत्तीही निघाली. २००२ मध्ये सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, त्याबद्दल फियाटनं त्याला फेरारी भेट दिली आणि पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्कावरून वाद रंगला, ते तुम्हाला आठवत असेलच.

मला फेरारी मिळणार नव्हती. पण १.६ पालिओ कर्ज काढून मिळत होती. २००२ च्या दसऱ्याला ती घरी आली. बायकोनं चाकाखाली लिंबू ठेवलं, वडिलांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि म्हणाले, "इतक्या ताकदीचं करायचंय काय?" पुढच्याच रविवारी त्यांना घेऊन पुण्याला निघालो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नुकताच पूर्ण झाला होता. खंडाळ्याच्या चढावर पद्मिनीत आम्ही एसी नसताना खिडक्या उघड्या टाकून, काट्यावर नजर ठेवून, देवाचं नाव घेत जात असू. त्याच चढावर ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत वर चढली. वडील काही बोलले नाहीत. परत येताना मात्र म्हणाले, "मी चालवू का जरा?"

इथवर सगळं गोड आहे. आता माझी चूक सांगतो.

पद्मिनीच्या इंजिनात टायमिंगसाठी साखळी असे. ती सैल झाली की खडखड करी, म्हणजे आजारी पडण्याआधी ओरडे. वडिलांनी मला शिकवलं होतं, "गाडीचं ऐकायचं. तिला काही झालं की ती सांगते." पालिओत साखळी नव्हती, दातेरी रबरी पट्टा होता. या पट्ट्याचाही इतिहास आहे. जर्मनीच्या ग्लास कंपनीनं १९६२ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीत असा पट्टा पहिल्यांदा वापरला. १९६६ मध्ये फियाटनं १२४ स्पोर्ट या गाडीच्या इंजिनात तो घेतला. ते इंजिन रचणारे आउरेलिओ लाम्प्रेदी एकेकाळी फेरारीची इंजिनं रचत. पट्टा हलका, आवाज न करणारा, तेल न मागणारा. वेगात फिरणारं इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत परवडू लागलं त्यात या पट्ट्याचा मोठा वाटा आहे. पण त्याची एक वाईट खोड आहे. तो न बोलता तुटतो. आणि किलोमीटर कमी झाले असले तरी नुसत्या वर्षांनीही रबर म्हातारं होतं.

माझी गाडी सात वर्षांत जेमतेम ५० हजार किलोमीटर चालली होती. पट्टा बदलायला सांगितलं होतं, पण मी म्हटलं, आवाज तर काही येत नाही. २००९ च्या पावसाळ्यात कसारा घाटात इंजिन एकाएकी बंद पडलं. आवाज नाही, धूर नाही. मागच्या सीटवर आई-वडील, बाहेर मुसळधार पाऊस, मागे ट्रकची रांग. वडिलांना तेव्हा दम्याचा त्रास होता. पट्टा तुटला की अशा इंजिनात उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. एका ट्रकवाल्यानं ओढून वर काढलं, रात्री उशिरा घरी पोचलो. व्हॉल्व्ह वाकले होते. दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच, "साहेब, विकून टाका."

तेव्हा मला आमचे मिस्त्री भेटले. कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. कारखान्यातलं काम सुटल्यावर त्यांनी कळव्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं होतं. त्यांनी हेड उतरवलं, व्हॉल्व्ह टेबलावर ओळीनं मांडले आणि मला स्टुलावर बसवून म्हणाले, "साहेब, गाडीनं दगा दिला नाही. तुम्ही तारीख विसरलात. ही गाडी ऐकायची नाही, लिहून ठेवायची आहे." त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप एकत्र बदलणे, आणि खाली तारीख. खर्च ३८ हजार आला. माझ्या तेव्हाच्या पगाराला तो जड होता. पण ती वही मला त्याहून मोलाची वाटते.

त्या वहीत गेल्या कित्येक वर्षांची गाडीची कुंडली आहे. दर दोन वर्षांनी कूलंट, कारण इंजिन तापलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. पुढच्या लोअर आर्मचे बुश आपल्या खड्ड्यांमुळे कधी बदलले, क्लच कधी, रेडिएटरचा पंखा चालू होतो की नाही हे उभ्या गाडीत कसं तपासायचं. कुठला भाग सिएनाचा बसतो आणि कुठला बसत नाही, याचीही यादी आहे. सामान शोधायला मी ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इतका फिरलो आहे, की तिथले दुकानदार आता चहा मागवतात आणि मगच 'नाही' म्हणतात.

हे 'नाही' वाढत गेलं, त्यालाही इतिहास कारण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात फियाटचं कुर्ल्यातलं काम थांबलं आणि पुणे जिल्ह्यात रांजणगावला गेलं. तिथं टाटांबरोबर भागीदारी झाली. २००९ मध्ये पुंटो आली आणि पालिओ मागे पडली. २०१९ मध्ये फियाटच्या नावाच्या मोटारी भारतात बनणंच बंद झालं. कुर्ल्यात आता प्रीमियर रोड हे नाव आहे, मोटारी नाहीत. कारखाना जातो तेव्हा यंत्रं जातात, नोकऱ्या जातात, हे आपण गिरणगावातही पाहिलं. पण हातात असलेलं ज्ञान कुठं जातं? ते कळव्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातं. आणि तो माणूस थकला की तिथूनही जातं.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. गॅरेज बंद करताना त्यांनी मला बोलावून वही दिली. म्हणाले, "आता तुम्हीच बघा. नवीन पोरं हुशार आहेत, पण त्यांना संगणक सांगतो ते कळतं. हिला संगणक अर्धंच सांगतो."

माझी मुलगी अभियंता आहे. तिचं मत स्पष्ट आहे. "बाबा, तुझी गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर करते. भावना ठीक आहेत, पण हवा सगळ्यांची आहे." तिचं बरोबर आहे. माझी गाडी जुन्या, दुसऱ्या टप्प्याच्या प्रदूषण नियमांतली. एप्रिल २०२० पासून देशभर सहाव्या टप्प्याचे नियम आहेत, ते पुष्कळच कडक आहेत. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात. मी इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या आणि वहीत लिहिलं. पर्यावरण कर भरतो. पंधरा वर्षं झाल्यावर २०१७ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं, २०२२ मध्ये पुन्हा केलं. आता २०२७ मध्ये ते परत आहे आणि वीस वर्षांवरच्या मोटारींचं शुल्क २०२५ मध्ये १० हजार रुपये झालं आहे. शुल्क जास्त आहे अशी माझी तक्रार नाही. रस्ता वापरायचा तर त्याची किंमत द्यायला हवी.

मग ठेवायची कशाला? मी स्वतःलाही हे विचारतो. रोजच्या कामाला मी लोकलनं आणि बसनं जातो. गाडी महिन्यातून दोनदा निघते, वर्षाला दोन हजार किलोमीटरही होत नाहीत. एक चालती वस्तू भंगारात घालून नवी बनवायलाही लोखंड आणि वीज लागतेच, हा माझा युक्तिवाद. तो सोयीचा आहे, हे मुलीनं मला दाखवून दिलं आहे. खरं कारण वेगळं आहे. कुर्ल्यात मोटार बनवणाऱ्या माणसांनी काय केलं होतं हे सांगणारी, चालती, हात लावून पाहता येईल अशी वस्तू माझ्याकडे ही एकच आहे.

आमच्यात एक करार झाला आहे. २०२७ मध्ये गाडी फिटनेसच्या तपासणीत स्वच्छ पास झाली, धुराचं प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ आत आलं, तर नूतनीकरण. नाहीतर कुरकुर न करता अधिकृत भंगार केंद्र. त्याआधी पट्टा बदलायची तारीख येते. या वेळी तो मी आणि मुलगी मिळून बदलणार आहोत. मिस्त्रींना रिक्षानं आणून स्टुलावर बसवायचं ठरलं आहे. डोळ्यांना दिसत नसलं तरी पट्ट्याचा ताण किती हवा हे ते बोटानं सांगतील. मुलीनं वही वाचून काढली आहे आणि सगळी पानं संगणकात उतरवली आहेत. शेवटच्या पानावर तिनं तारखेची जागा रिकामी ठेवली आहे.