धुराची वाट आणि आगीचे माप

थंड देशांत घर ऊबदार ठेवायला लाकडाची शेगडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न मापाचा येतो. खोली केवढी, छत किती उंच, भिंतींतून उष्णता किती निसटते, असा हिशेब मांडून किती किलोवॅटची शेगडी हवी ते ठरवतात. गरजेपेक्षा मोठी घेतली तर खोली नको इतकी तापते. मग हवेची झडप आवळावी लागते, लाकूड नीट जळायचे सोडून धुमसत राहते आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर धरतो. मुंबईच्या मालाडमध्ये असला प्रश्न कुणाला पडलाच नसेल, असे वाटणे साहजिक आहे. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेतले नीचांकी तापमान 7.4 अंश सेल्सिअस, तेही 22 जानेवारी 1962 या एका पहाटेचे. एरवी जानेवारीतली पहाट 16-17 अंशांच्या आसपास असते. तरीही इथल्या घरांत आगीचे माप ठरत होते आणि ते विचाराने ठरत होते. फक्त ते खोलीच्या घनफळावरून काढत नसत. माझे म्हणणे असे की, ते मुख्यतः धुराच्या वाटेवरून ठरे. धूर जिथून सुटू शकतो तिथे आग मोठी, आणि जिथे तो कोंडतो तिथे आग लहान किंवा नुसते निखारे.

मालाड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते फेब्रुवारी 1957 मध्ये, दहिसरपर्यंतच्या पट्ट्याबरोबर. त्याआधी हे साष्टीतले गावच. ऑर्लेम, खारोडी, मालवणी, मार्वे इथली गावठाणे, मढचे कोळीवाडे, पूर्वेला कुरारपलीकडे चढत जाणारे जंगल. जळणही त्या त्या जागेचे: डोंगराकडून मोळीने येणारी सुकी लाकडे, खाडीकाठी तिवर, वाड्यांत झावळ्या, सोडणे आणि करवंट्या. घरे कौलारू, आतून छताचा अडसर नाही. चुलीचा धूर वर चढे आणि कौलांच्या फटींतून निघून जाई. जाता जाता तो वाशांना कीड लागू देत नसे. धुराला वाट होती म्हणजे घर धुरापासून मोकळे होते, असे मात्र मुळीच नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी त्या वाटेची किंमत रोज मोजली आहे. जुन्या घरांचे गोडवे गाताना हे विसरणे अन्यायाचे होईल. मुद्दा एवढाच की अशा घरात चूल मोठी ठेवणे शक्य होते आणि न्हाणीसाठी परसदारी दुसरी, तिच्याहून मोठी आग पेटवणेही शक्य होते.

त्या दुसऱ्या आगीचे सर्वांत शहाणे रूप म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख काढायचे दार. ढलप्या, करवंट्या, कोळसा वरून नळीतच टाकायचा. तीच नळी भट्टी आणि तीच धुराडे. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करून, म्हणजे पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन, अशी भांडी घडत. मुंबईत तांब्यापितळेच्या खरेदीसाठी पायधुनीजवळचा तांबाकाटा होता. बंब केवढा घ्यायचा याचा हिशेब आजही मांडता येतो. एका माणसाच्या आंघोळीला 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचे तर सुमारे सव्वा मेगाज्यूल उष्णता लागते, सात माणसांच्या घराला जवळजवळ नऊ. किलोभर सुक्या लाकडात साधारण 15 मेगाज्यूल असतात. उघड्या चुलीवर त्यातला आठवा हिस्सा पाण्यात उतरतो असे धरले तर साडेचार-पाच किलो लाकूड हवे. बंबात आग चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असल्याने एक तृतीयांश उष्णता उतरते असे धरले, तर पावणेदोन-दोन किलोत काम भागते. हाच बंब गरजेपेक्षा मोठा घेतला तर दोन तोटे. एक म्हणजे, पहिली बादली कढत मिळण्याआधीच नको तितके पाणी तापवत बसावे लागते. दुसरा तोटा जास्त वाईट: जळण वाचवायला बंब अर्धा भरला की पाण्याच्या वर उरलेली नळी कोरडी तापते आणि सांध्याचा डाख सुटतो. म्हणून आधी पाणी, मग विस्तव, आणि जेवढे गरम काढाल तेवढे गार ओतायचे, हा क्रम घराघरांत ठरलेला. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब चिंचेने घासून लखलखीत करायचा आणि पाण्याने भरून ठेवायचा, तो याच क्रमाचा सण.

इथे कुणी विचारील, मग माप माणसांच्या संख्येवरून ठरले, धुराचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे, पण चाळीकडे पाहिले की तो टिकत नाही. रेल्वे स्थानकाच्या दोन्ही बाजूंना चाळी वाढल्या तेव्हा कुटुंबे लगेच लहान झाली नव्हती. एका खोलीत सात-आठ माणसे राहत आणि आंघोळीचे पाणी तेवढेच लागे. बदलली होती ती खोली. कोपऱ्यात कमरेएवढ्या भिंतीची मोरी, डोक्यावर कौलांऐवजी वरच्या बिऱ्हाडाची जमीन आणि एका बाजूला सामाईक गॅलरी. माणसे तेवढीच असूनही आग एकदम आक्रसली. कोळशाची शेगडी गॅलरीत पेटवायची, पुठ्ठ्याने वारा घालायचा, धूर सरून कोळसा लाल झाला की मगच ती उचलून आत आणायची. धुराचा भाग बाहेर आणि उष्णतेचा भाग आत, अशी आगीची वाटणीच तिथे झाली. माप माणसांच्या संख्येवर असते तर ही वाटणी करायचे कारण पडले नसते.

याच काळातली भुशाची शेगडी मला मापाच्या दृष्टीने बंबाइतकीच मोलाची वाटते. डब्याला तळाशी बाजूने भोक पाडायचे. त्या भोकातून एक आणि वरून मधोमध एक असे दांडके किंवा बाटली उभी-आडवी धरून भोवती लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा गच्च ठासायचा. मग बाटली अलगद फिरवत काढून घ्यायची. जी पोकळी उरते तीच धुराडे. खालून पेटवले की भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. मधेच भर घालता येत नाही आणि कमीही करता येत नाही. त्यामुळे किती वेळ आग हवी हे डबा निवडतानाच ठरवावे लागे. भुसा सैल राहिला तर आत ढासळून शेगडी धुराने गुदमरे, म्हणून ठासणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

आता राहिली ती मालाडच्या घरातली एकमेव खोली, जिथे खरोखर माणसाला ऊब मिळावी म्हणून आग आणत: बाळंतिणीची. दारे-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपांची धुरी. थंड देशांतल्या शेगडीशी हिचे नाते सर्वांत जवळचे, आणि इथेच माझा युक्तिवाद सर्वांत कमकुवत दिसतो, कारण धूर कोंडत असूनही आग आत आणली जाई. पण तिचे माप पाहा. ओंजळभर निखारे, तेही पूर्ण फुललेले, शेकण्यापुरते. खोली तापवण्याचा खटाटोप नव्हता, बाईची पाठ-कंबर आणि बाळाचे अंग शेकायचे होते. धुराची भीती जाणत्या बायांना होतीच. त्यांना दिसत नव्हता तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि लाल निखाऱ्यातून तो निघतच राहतो. कौलारू घरात तो फटींतून जाई. घट्ट बंद होणाऱ्या सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये जायला वाट नाही. त्यामुळे ही चाल तशीच्या तशी उचलून आज फ्लॅटमध्ये नेणे धोक्याचे आहे. ज्या घरात ती निभावून जाई, ते घरच आता उरलेले नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी, निखारे नकोत.

बंब गॅसने विझवला, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. स्वयंपाकाचा गॅस 1950 च्या दशकात मुंबईत आला खरा, पण नंतर कित्येक वर्षे जोडणीसाठी प्रतीक्षायादी असे. जोडणी मिळाली तरी मोजूनमापून मिळणारा सिलिंडर आंघोळीच्या पाण्यावर उधळायला घरे तयार नसत. ते पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर किंवा शेगडीवरच तापे. बंबाला धुराची मोकळी वाट, जळण साठवायला जागा आणि राख टाकायला परसदार हवे. ही तिन्ही गेली तेव्हाच त्याचे दिवस भरले. गॅसने रिकाम्या झालेल्या जागेत पाऊल टाकले.

आज हाच प्रश्न घराबाहेर आला आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पावाची चव जाईल आणि खर्च झेपणार नाही, हे बेकरीवाल्यांचे म्हणणे हलके घेऊ नये. कमी नफ्यावर चालणारा हा धंदा आहे आणि त्यावर अनेकांची पोटे आहेत. पण भट्टीचे धुराडे बांधले गेले तेव्हा वर आभाळ होते, आता शेजारी विसाव्या मजल्याची खिडकी आहे. बदल करताना जुन्या भट्टीच्या घनफळाएवढीच नवी गॅसची भट्टी घेण्याची चूक टाळता येईल. विटांची ती जाड भट्टी एकदा तापवून तासन्‌तास वापरायची म्हणून तेवढी मोठी होती. गॅस हवा तेव्हा लावता आणि बंद करता येतो, म्हणून रोजचे पाव आणि घाण्यांची संख्या मोजून माप काढावे. सरकारने अनुदान द्यायचे ठरवले तर तेही या मोजणीला जोडावे.