हवेची स्प्रिंग आणि डोंगराची चढण

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला येताना वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. इथे, सुमारे १३७० मीटरवर, तो साधारण ६४५ भरतो. बाहेरचा दाब उतरला, की आतली हवा पसरते. तापमान तेच असेल तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. शाळेत आपण याला बॉइलचा नियम म्हणतो. पण त्यामागे एक डोंगरही आहे, त्याची गोष्ट आज पाहू.

१६६० साली रॉबर्ट बॉइल यांनी मांडलं, की हवेला स्प्रिंगसारखा ताण असतो. फ्रान्सिस लायनस या जेझुइट विद्वानाला ते पटलं नाही. नळीतला पारा एका अदृश्य धाग्याने वर धरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. आता हा वाद नुसत्या शब्दांनी मिटणारा नव्हता, आकडे हवे होते.

एप्रिल १६६१ मध्ये हेन्री पॉवर आणि रिचर्ड टाउनली यांनी पाऱ्याच्या नळीत थोडी हवा कोंडली आणि ती इंग्लंडातल्या पेंडल टेकडीवर नेली. टेकडी जेमतेम ५५७ मीटर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या निम्मीही नाही. तरी माथ्यावर हवा पसरलेली दिसली. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत, हा तर्क टाउनलींचा. बॉइल यांनी वाकड्या नळीत पारा ओतत तो तपासला. १२ इंचांची हवा ६ इंचांत आणायला दाब जवळपास दुप्पट लागला. १६६२ च्या पुस्तकात त्यांनी टाउनलींचं नाव मोकळेपणाने दिलं. पुढे पाठ्यपुस्तकांत मात्र एकच नाव उरलं.

याच नियमावरून १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी दाबावरून उंची काढण्याची रीत मांडली. आपल्या दख्खनमध्ये कंपनीचे अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दाबाच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्या १८३५ साली रॉयल सोसायटीने छापल्या. त्यांत दिसतं, की दाब सकाळी ९-१० च्या सुमारास चढतो आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरतो. रोजचंच हे. महाबळेश्वरात पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे उंचीत सुमारे १३ मीटर. वेळ न पाहता मोजलं, तर एकाच जागेच्या दोन उंच्या निघतील!

म्हणजे नियम माहीत असून भागत नाही. तो कुठे आणि कधी लावतोय, हेही बघावं लागतं. तापमान बदललं तर काय, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.