पत्राचा धनी कोण?

घरीं आलेलें पत्र वडील माणसानें वाचावें व इतरांनीं भोंवतीं बसून ऐकावें, ही चाल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. मध्येंच वाचणाराचा आवाज खालीं जाई, चार ओळी गाळल्या जात आणि वाचन पुढें चाले, हेंहि त्यांस आठवत असेल. वाचलेला मजकूर सर्वांचा, गाळलेला एकट्याचा. पण ही वांटणी कोणीं करावी? प्रश्न घरगुती दिसतो खरा, परंतु सतराव्या शतकांत इंग्लंडांतील एका विद्वन्मंडळास त्यानें फार त्रास दिला. आणि त्या हकीगतींतून घेण्यासारखें आजहि पुष्कळ आहे.

लंडनची रॉयल सोसायटी १६६० सालीं स्थापन झाली व १६६२ सालीं तिला राजाची सनद मिळाली. तिचा एक चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हा मूळचा जर्मनींतील ब्रेमेनचा. पॅरिसहून हायगेन्स, डान्झिगहून हेवेलियस, पुढें डेल्फ्टहून लेव्हेनहूक अशा अनेकांचीं पत्रें त्याजकडे येत. तीं तो सभेंत वाची, त्यांच्या नकला ठेववी आणि त्यांतील सार दुसऱ्या देशांतील पंडितांस कळवी. १६६५ च्या ६ मार्च रोजीं त्यानें स्वतःच्या खर्चानें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक सुरू केलें. तेव्हांपासून एकाच पत्रास तीन श्रोते झाले: ज्यास लिहिलें तो, सभा, आणि सारें जग.

उघडेपणाच्या या भोक्त्यासहि आडपडदा सुटला नव्हता. परदेशचीं कित्येक पत्रें ‘ग्रुबेन्डॉल’ या नांवानें येत. हें नांव म्हणजे ओल्डेनबर्ग याच नांवाच्या अक्षरांची उलटापालट. १६६७ सालीं, डचांशीं युद्ध चालू असतां, या पत्रव्यवहारावरून सरकारचा संशय जाऊन त्यास टॉवरच्या तुरुंगांत सुमारें दोन महिने काढावे लागले.

परंतु खरी कसोटी लागली ती आपल्याच माणसांत. १६७२ च्या फेब्रुवारींत केंब्रिजहून न्यूटनचें प्रकाश व रंग यांविषयींचें पत्र आलें. तें सभेंत वाचलें गेलें, न्यूटनची अनुमति घेतली गेली आणि त्याच महिन्यांत तें छापलें. रीतीनें पाहतां यांत कांहीं चुकलें नव्हतें. तरी हूकनें आक्षेप घेतले, पॅरिसच्या पार्दीनें घेतले, पुढें लिएझच्या जेझुइटांनींहि घेतले. आणि उत्तरें देतां देतां न्यूटन इतका कंटाळला कीं १६७३ सालीं त्यानें सोसायटी सोडण्याची इच्छा दर्शविली. प्रकाशावरील त्याचा मोठा ग्रंथ १७०४ सालीं, म्हणजे हूकच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षीं, बाहेर पडला. अनुमति देणारास तिचे परिणाम आधीं दिसत नाहींत, एवढाच याचा अर्थ.

हूकची तक्रार याच्या नेमकी उलट होती. १६७५ सालीं हायगेन्सनें स्प्रिंगच्या घड्याळाची युक्ति कळविली, तेव्हां हूक संतापला. ही कल्पना आपली असून ती आपण सभेंत पूर्वींच बोललों होतों आणि चिटणिसानें ती परदेशीं पोंचविली, असा त्याचा आरोप होता. सोसायटीच्या कौन्सिलानें १६७६ सालीं ओल्डेनबर्गचा पक्ष घेतला. हूक स्वभावानें संशयी होता हें खरें. तरी त्याचें दुःख आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. तो आपल्या मंडळींत बोलत होता, पण त्या मंडळीची कुंपणरेषा कोठें संपते हें त्यास कोणीं सांगितलें होतें?

मग गुप्तता बरी म्हणावी, तर तिची किंमत याहून जबर पडली. १६७६ सालीं न्यूटननें ओल्डेनबर्गमार्फत लाइब्निट्झला दोन पत्रें धाडलीं; दुसऱ्यांत आपल्या नव्या गणिताचें मर्म त्यानें अक्षरांच्या कोड्यांत दडविलें. लाइब्निट्झनें स्वतःची पद्धति १६८४ सालीं छापली आणि पुढें ‘आधीं कोण?’ हा वाद पेटला. १७१२ सालीं सोसायटीनें जुनीं पत्रें धुंडाळून निवाडा केला. त्या वेळीं तिचा अध्यक्ष स्वतः न्यूटनच होता आणि निवाड्याचा मसुदाहि बराचसा त्याच्याच हातचा! तीं पत्रें ज्यांनीं विश्वासानें स्वीकारलीं, ते ओल्डेनबर्ग व कॉलिन्स केव्हांच निवर्तले होते. खाजगी म्हणून लिहिलेला कागद साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला, आणि त्यानंतर ब्रिटनचे गणिती व युरोपांतील गणिती यांच्यांत दीर्घकाळ दुरावा राहिला.

या सर्वांवरून आम्हांस वाटतें तें असें. झांकावें किती व उघडावें किती, याचें एकच माप सर्व पत्रांस लागू पडत नाहीं. परंतु तीन गोष्टी प्रत्येक मंडळीस ठरवितां येतात. आपल्यांत कोण आहे हें बोलण्यापूर्वीं सर्वांस माहीत असावें. कुंपणाबाहेर नेण्यापूर्वीं लिहिणारास विचारावें. आणि कोणीं केव्हां काय सांगितलें याची नोंद तारखेसह ठेवावी, म्हणजे श्रेय राखण्यासाठीं कोणास कोडीं घालावीं लागणार नाहींत. ओल्डेनबर्ग दुसरी व तिसरी गोष्ट बहुधा पाळीत असे. पहिली त्या मंडळीनें अध्याहृत धरली, आणि हूकचा सारा क्षोभ तेथूनच उगवला.

वडील माणसानें चार ओळी गाळल्या म्हणून घरांत कोणी रागावत नसे; कारण गाळणारा कोण व कशासाठीं गाळतो, हें सर्वांस ठाऊक असे. विद्वानांच्या सभेस एवढा घरगुतीपणा साधला असता, तर एक मोठें भांडण इतिहासांत कमी झालें असतें.