पार्लरमध्ये वाचली गेलेली कादंबरी

१९९१ साली अमेरिकेत, अटलांटातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या ब्यूटी पार्लरमध्ये एक कादंबरी हातोहात फिरू लागली. नाव ‘इन्व्हिजिबल लाइफ’. प्रकाशकांनी नाकारल्यावर ई. लिन हॅरिस यांनी ती स्वतःच छापली होती. कधीकाळी आयबीएमचे कॉम्प्युटर विकणारा हा माणूस आता गाडीच्या डिकीत पुस्तकांचे गठ्ठे घालून दारोदार हिंडत होता.

नायक रेमंड टायलर अलाबामाचा, शिकलेला, देखणा, वकिली करणारा. त्याचं प्रेम सेला नावाच्या तरुणीवर आहे आणि केल्विन नावाच्या तरुणावरही. घरच्यांपासून लपवलेलं हे आयुष्य त्याला आतून पोखरतं. कथेत एड्सही येतो, आणि त्याची किंमत एक स्त्री मोजते. पार्लरमधल्या बायकांना ही गोष्ट परकी कशी वाटावी?

केस करून घ्यायला तिथे तासन् तास लागत. तेवढ्यात चार प्रकरणं वाचून व्हायची, त्यावर वादही रंगायचा. शिवाय ही जागा बायकांच्या स्वतःच्या मालकीची होती, आणि या स्वातंत्र्याला जुना इतिहास होता. १९५७ साली दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर कृष्णवर्णीयांना मतदार-नोंदणीपुरतं लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या वर्गाच्या पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन याच धंद्यातल्या. गिऱ्हाइकं आपल्याच समाजातली, त्यामुळे गोऱ्या मालकानं नोकरीवरून काढण्याची भीती त्यांना नव्हती.

हॅरिस यांच्या आधी समलिंगी प्रेमावर कोणी लिहिलं नव्हतं असं नाही. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांची ‘जोव्हानीज रूम’ ही कादंबरी १९५६ ची. आधीच्या प्रकाशकानं ती नाकारली होती, आणि तिच्यातली मुख्य पात्रं गोरी होती. १९८६ मध्ये जोसेफ बीम यांनी कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांचं लेखन ‘इन द लाइफ’मध्ये एकत्र केलं, दोनच वर्षांत एड्सनं त्यांचा बळी घेतला. या पुस्तकांचं मोल फार मोठं. पण चर्चला जाणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या बायकांपर्यंत हा विषय घरच्यासारखा नेला तो हॅरिस यांनी.

१९९४ मध्ये अँकर बुक्स या प्रकाशनसंस्थेनं ‘इन्व्हिजिबल लाइफ’ नव्यानं काढली. पुढे हॅरिस यांची सलग १० पुस्तकं न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत झळकली. जुलै २००९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. त्यांची भाषा बाल्डविनच्या तोडीची नाही, हे खरंच. तरीही त्या काळाचा वाङ्मयीन इतिहास लिहिताना, प्रकाशकांच्या आधी ज्यांनी हे पुस्तक उचलून धरलं त्या पार्लरवाल्या बायकांना त्यात मानाचं पान मिळायला हवं.