'बेबी बूम' : तीस लाख डॉलर नाकारणारी उद्योजिका

नोकरी गमावलेल्या नायिकेने स्वतःचा व्यवसाय उभारावा आणि ज्यांनी तिला बाजूला सारले तेच अखेर तिच्या दारी यावेत, हे कथासूत्र हॉलिवूडला नवे नाही. परंतु त्यातील सर्वाधिक लोभस आणि तितकाच वादग्रस्त नमुना कोणता, असे विचारल्यास ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'बेबी बूम'चे नाव घ्यावे लागेल. चार्ल्स शायर यांनी दिग्दर्शित केलेल्या या विनोदी चित्रपटाच्या निर्मात्या नॅन्सी मायर्स होत्या, तर पटकथा दोघांनी मिळून लिहिली होती. 'प्रायव्हेट बेंजामिन' (१९८०) या गाजलेल्या विनोदपटाच्या लेखनातही या दोघांचा सहभाग होता.

नायिका जे. सी. व्हायट ही मॅनहॅटनमधील एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीत वरिष्ठ पदावर आहे. कार्यालयात तिला 'टायगर लेडी' म्हणून ओळखतात. तिच्या घरी सहचर आहे, पण त्याच्याशी प्रणयही घड्याळाच्या काट्यावर उरकला जातो. भागीदारी देऊ करताना तिचा वरिष्ठ तिला बजावतो, की पुरुषाला घरही मिळते आणि कामही, तुला मात्र त्याग करावा लागेल. तिलाही त्यात काही वावगे वाटत नाही. एवढ्यात इंग्लंडमधील एक दूरचा चुलतभाऊ सपत्नीक अपघातात दगावतो आणि वारसाहक्काने जे. सी.च्या पदरात काही येणार असल्याचा निरोप येतो. ती मालमत्तेची अपेक्षा धरून जाते आणि विमानतळावर तिच्या हाती येते एलिझाबेथ नावाची तान्ही मुलगी.

यापुढचा अर्धा तास म्हणजे निखळ हास्याची मेजवानीच. मोठ्या ग्राहकासोबत भोजनाची बैठक असल्याने ही विदुषी बाळाला चक्क उपाहारगृहात कोट सांभाळणाऱ्या बाईंच्या हवाली करते! हसता हसता प्रेक्षकाला जाणवू लागते, की तिच्याकडील कामे हळूहळू काढून घेतली जात आहेत. 'फूड चेन' हा मोलाचा ग्राहक तिच्याच हाताखालच्या तरुणाकडे जातो (जेम्स स्पेडर यांनी हा गोडबोल्या कपटी फार झकास उभा केला आहे) आणि तिच्या वाट्याला कुत्र्यांच्या खाद्याचे काम येते. कोणी तिला थेट काढून टाकत नाही. तिचे महत्त्व तेवढे कमी केले जाते. कार्यालयीन राजकारणाचे इतके अचूक चित्रण त्या काळच्या विनोदपटांत क्वचितच आढळेल.

नोकरी सोडून ती व्हरमाँट राज्यातील खेड्यात, सफरचंदाच्या बागेसह एक जुने घर विकत घेते. छायाचित्रणासाठी तेथील पेरू या गावाची निवड करण्यात आली होती. चित्रातल्यासारखे दिसणारे हे घर प्रत्यक्षात पैसे गिळणारा राक्षस निघते. नळ नादुरुस्त, छप्पर गळके आणि शेवटी विहीरही कोरडी! विहीर आटल्याचे कळताच जे. सी.चा जो स्फोट होतो, तो डायन कीटन यांच्या विनोदी अभिनयाचा कळस आहे. ती शुद्ध हरपून पडते आणि जाग येते ती डॉ. कूपर यांच्या दवाखान्यात. मन मोकळे करून झाल्यावर तिला उमगते, की हे गृहस्थ गुरांचे डॉक्टर आहेत. ही भूमिका नाटककार सॅम शेपर्ड यांनी संयतपणे साकारली आहे.

व्यवसायाचा जन्मही गरजेतून होतो. बागेतल्या सफरचंदांचा गर शिजवून ती एलिझाबेथला भरवत असते. सुट्टीसाठी आलेल्या शहरी पालकांना तो आवडतो आणि बाटल्या विकल्या जाऊ लागतात. मग तिच्यातली सल्लागार जागी होते. ग्रंथालयात बसून ती बाळांच्या आहाराच्या बाजारपेठेचा अभ्यास करते आणि 'कंट्री बेबी' हे नाव दुकानांत झळकू लागते. येथे पटकथा घाई करते, हे नमूद केले पाहिजे. भांडवल किती लागले, बाटल्या कोण भरत होते, उधारी कशी वसूल झाली, यातले काहीच दिसत नाही. संगीताच्या तालावर झरझर सरकणाऱ्या दृश्यांत सारा उद्योग उभा राहतो.

प्रत्यक्षातले चित्र एवढे सोपे नव्हते. कर्जव्यवहारात लिंगभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७४ मध्ये झाला, तरी व्यवसायासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीकडे पती वा अन्य पुरुष नातेवाइकाची सही मागण्याचा प्रकार काही राज्यांत चालूच होता. तो मोडीत काढणारा महिला उद्योजकताविषयक कायदा ऑक्टोबर १९८८ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर वर्षभराने संमत झाला. बाळंतपणासाठी किंवा दत्तक मुलासाठी बारा आठवड्यांच्या, तीही बिनपगारी, रजेची हमी देणारा संघराज्याचा कायदा यायला तर १९९३ उजाडावे लागले.

घरगुती, शुद्ध गराचे आकर्षण मात्र कपोलकल्पित नव्हते. बाळांसाठीचा शुद्ध सफरचंदाचा रस म्हणून साखरपाणी विकल्याप्रकरणी बीच-नट या नामांकित कंपनीने नोव्हेंबर १९८७ मध्येच न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिला वीस लाख डॉलरचा दंड झाला. व्हरमाँटमध्येच ऐंशीच्या दशकात 'अर्थ्स बेस्ट' हा सेंद्रिय बालाहाराचा उद्योग कॉस या जुळ्या भावांनी सुरू केला होता. तो पुढे हाइन्झने विकत घेतला. जे. सी. मात्र विकत नाही. 'फूड चेन' तिच्या कंपनीसाठी तीस लाख डॉलर आणि वर मोठे पद देऊ करते, तेही तिच्या जुन्याच कार्यालयात. क्षणभर ती हरखून जाते. परत आत येऊन ती शांतपणे नकार देते. तुम्ही माझा माल देशभर पोचवू शकत असाल तर मीही पोचवू शकेन, आणि माझ्या कार्यालयात बाळाचा पाळणा आहे, तो मला हवा आहे, असा तिचा मथितार्थ.

या नकारावरच टीकाकारांत दुफळी झाली. सुसान फालुदी यांनी 'बॅकलॅश' (१९९१) या ग्रंथात याच वर्षीच्या 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'सोबत 'बेबी बूम'चाही समाचार घेतला. नोकरदार स्त्रीला पुन्हा घराकडे, मातृत्वाकडे वळवणाऱ्या लाटेचा हा भाग असल्याचा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये आलेल्या 'थ्री मेन अँड अ बेबी'तील वास्तुविशारद, व्यंगचित्रकार आणि अभिनेता बाळ सांभाळूनही आपापल्या व्यवसायात टिकतात, जे. सी.ला मात्र शहर सोडावे लागते. तरीही प्रस्तुत प्रतिनिधीला हा आक्षेप पूर्णपणे पटत नाही. जे. सी. स्वयंपाकघरात परतत नाही, ती कंपनीची मालकी स्वतःकडे राखते. वेळापत्रक कोणी ठरवायचे हा तिचा मुद्दा आहे. गुरांच्या देखण्या डॉक्टरांची बक्षिसी मात्र पटकथाकारांना टाळता आली असती.

'बेबी बूम'ला सर्वोत्कृष्ट विनोदी वा संगीतप्रधान चित्रपटासाठी आणि कीटन यांना अभिनेत्री म्हणून गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. पुरस्कार अनुक्रमे 'होप अँड ग्लोरी' आणि 'मूनस्ट्रक'मधील शेर यांना गेले. कीटन यांचा जन्म १९४६ चा, म्हणजे ज्या पिढीला 'बेबी बूम' म्हणतात तिच्या पहिल्याच वर्षातला. चित्रपट केला तेव्हा त्या निपुत्रिक होत्या. पुढे पन्नाशीत त्यांनी दोन मुले दत्तक घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. शायर त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. मायर्स यांनी २०१५ मध्ये 'द इंटर्न'मधून महिला उद्योजकाच्या विषयाला पुन्हा हात घातला, त्यात नायिका अ‍ॅन हॅथवे होती.

चित्रपटाच्या यशावर एनबीसी वाहिनीने १९८८ मध्ये याच नावाची मालिका आणली. नायिकेच्या भूमिकेत केट जॅक्सन आल्या, एलिझाबेथ मात्र चित्रपटातल्याच जुळ्या केनेडी भगिनींनी रंगवली. मालिका फार काळ चालली नाही.