सेवायोजन सेवांचे नगरपालिकांकडे हस्तांतरण

बेकार व्यक्तींची नोंदणी करणे, त्यांना योग्य काम मिळवून देणे, मालकांना हवे ते मनुष्यबळ पुरविणे आणि व्यवसाय-मार्गदर्शन व प्रशिक्षण यांची सोय करणे ही कामे केंद्रीय शासनाच्या खात्याकडून काढून नगरपालिकांकडे किंवा त्यांच्या संघांकडे सोपविण्याची प्रक्रिया. विसाव्या शतकात यूरोपातील अनेक देशांत ही सेवा नगरपालिकांकडून शासनाकडे गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही देशांत तिचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. डेन्मार्क (२००७–०९) व फिनलंड (२०२५) ही या उलट प्रवासाची ठळक उदाहरणे होत. या देशांतील नगरपालिकांच्या क्षेत्रात शहरी व ग्रामीण असे दोन्ही भाग येतात.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक नगरांकडे कामाच्या शोधात येणाऱ्या मजुरांचा ओघ वाढला. काम मिळवून देणारे खाजगी दलाल मजुरांकडून शुल्क घेत आणि पुष्कळदा त्यांची फसवणूक करीत. यावर उपाय म्हणून जर्मनीतील अनेक नगरांनी १८९० नंतरच्या दशकात विनाशुल्क सेवायोजन कार्यालये काढली. फिनलंडमधील मोठ्या नगरांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी हाच मार्ग पत्करला. ब्रिटनमध्ये १९०२ च्या कायद्याने लंडनमधील बरो परिषदांना अशी कार्यालये स्थापण्याची मुभा मिळाली.

नगरपालिकांच्या या कार्यालयांस दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे काम एका गावी व कामकरी दुसऱ्या गावी असल्यास त्यांची गाठ घालून देणारी यंत्रणा त्यांच्यापाशी नव्हती. दुसरी म्हणजे बेकारी विम्याची योजना देशव्यापी झाल्यावर विमेदार खरोखरच कामाच्या शोधात आहे की नाही, हे सर्वत्र एकाच कसोटीने ठरविणे भाग पडले. ब्रिटनने १९०९ च्या कायद्याने केंद्रीय शासनाची कार्यालये स्थापन केली व १९११ च्या विमा कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे दिली. जर्मनीत १९२७ च्या कायद्याने सेवायोजन व बेकारी विमा एकाच राष्ट्रीय संस्थेकडे आले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९४८ मध्ये संमत केलेल्या ८८ क्रमांकाच्या करारात राष्ट्रीय प्राधिकरणाच्या निदेशाखाली चालणाऱ्या सेवायोजन कार्यालयांच्या राष्ट्रीय व्यवस्थेची अपेक्षा व्यक्त झाली. फिनलंडमध्ये १९६० च्या सुमारास ही सेवा नगरपालिकांकडून शासनाकडे आली. डेन्मार्कमध्ये दीर्घ काळ हे काम मुख्यतः कामगार संघटनांशी संलग्न अशा बेकारी निधींकडे होते. १९६९ पासून ते शासनाकडे आले.

भारतात सेवायोजन कार्यालयांचा प्रारंभ १९४५ मध्ये, युद्धसेवेतून मुक्त झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी झाला. शिवा राव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचे दैनंदिन प्रशासन केंद्राकडून राज्यांकडे गेले. तेथे विकेंद्रीकरण राज्यांच्या पातळीवर थांबले; यूरोपीय उदाहरणांत ते नगरपालिकेपर्यंत पोहोचले.

डेन्मार्क : डेन्मार्कमध्ये बेकारांचे दोन वर्ग होते. बेकारी निधीचे सभासद असलेले विमेदार शासकीय सेवायोजन कार्यालयाकडे जात, तर विमा नसलेले व सामाजिक साहाय्यावर जगणारे नगरपालिकेकडे. १ जानेवारी २००७ रोजी अंमलात आलेल्या स्थानिक शासनाच्या पुनर्रचनेने नगरपालिकांची संख्या २७१ वरून ९८ वर आणली. त्याच वेळी ९१ जॉबसेंटरे स्थापन करण्यात आली. यांपैकी ७७ केंद्रांत शासनाचे व नगरपालिकेचे कर्मचारी एकाच छपराखाली, परंतु आपापल्या वरिष्ठांच्या अधीन राहून काम करीत. उरलेल्या १४ केंद्रांत प्रयोगादाखल सर्व काम नगरपालिकेकडे देण्यात आले. या प्रयोगाचे मूल्यमापन करून पुढील निर्णय घ्यावयाचा होता. तथापि ते पूर्ण होण्यापूर्वीच २००८ च्या शरदात अर्थसंकल्पीय वाटाघाटींत निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून सर्व जॉबसेंटरे नगरपालिकांची झाली.

हस्तांतरणानंतर शासनाने नगरपालिकांवर दोन प्रकारे नियंत्रण ठेवले. बेकार व्यक्तीला किती दिवसांनी मुलाखतीस बोलवावे, कोणत्या उपक्रमात केव्हा घालावे यांचे तपशीलवार नियम केले आणि भत्त्यांवरील खर्चाची भरपाई करण्याचे दर ठरवून दिले. २०१६ पासून हे दर बेकारीच्या कालावधीशी जोडण्यात आले : पहिल्या चार आठवड्यांसाठी ८० टक्के, सव्विसाव्या आठवड्यापर्यंत ४० टक्के, बावन्नाव्या आठवड्यापर्यंत ३० टक्के आणि त्यानंतर २० टक्के. व्यक्ती जितकी अधिक काळ बेकार राहील, तितका अधिक भार नगरपालिकेवर पडावा, हे या रचनेमागील सूत्र होय. नियमांच्या जंजाळामुळे नगरपालिकांचे स्वातंत्र्य नाममात्र राहिले, अशी टीका मात्र सतत होत राहिली.

फिनलंड : येथील हस्तांतरणाचे मूळ खर्चाच्या विभागणीत आहे. २००६ पासून पाचशे दिवसांपेक्षा अधिक काळ श्रमबाजार भत्ता घेणाऱ्यांच्या भत्त्याचा निम्मा भार नगरपालिकांवर टाकण्यात आला. २०१५ मध्ये ही मर्यादा तीनशे दिवसांवर आली आणि हजार दिवसांनंतर नगरपालिकेचा वाटा ७० टक्के झाला. काम मिळवून देणारी यंत्रणा मात्र शासनाकडेच होती. म्हणजे दीर्घकालीन बेकारीचे देयक एकाच्या हाती येई व ती टाळण्याची साधने दुसऱ्याच्या हाती असत. या विसंगतीवर नगरपालिकांचा आक्षेप होता. १ मार्च २०२१ पासून अनेक नगरपालिकांत प्रयोग सुरू करण्यात आले आणि ठराविक गटांतील बेकारांचे काम त्यांच्याकडे आले. सान्ना मारिन यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, मार्च २०२३ मध्ये, संसदेने कायमस्वरूपी कायदा संमत केला व १ जानेवारी २०२५ रोजी तो अंमलात आला. या दरम्यान, १ जानेवारी २०२३ रोजी, आरोग्य व समाजकल्याण या सेवा बहुतांश नगरपालिकांकडून काढून नव्या प्रादेशिक संस्थांकडे देण्यात आल्या होत्या. परिणामी नगरपालिकेचे कार्य शिक्षण, स्थानिक उद्योग व रोजगार यांभोवती केंद्रित झाले.

फिनलंडमधील निम्म्याहून अधिक नगरपालिकांची लोकसंख्या दहा हजारांपेक्षा कमी आहे. अशा लहान संस्थांना ही सेवा एकट्याने चालविणे शक्य नसल्याने किमान २०,००० श्रमिकसंख्या असलेले सेवायोजन-क्षेत्र असावे, अशी अट घालण्यात आली. ही अट पूर्ण करू न शकणाऱ्या नगरपालिकांनी शेजाऱ्यांशी करार करून एका नगरपालिकेकडे जबाबदारी द्यावी किंवा संयुक्त मंडळ स्थापावे, अशी तरतूद आहे. अशी ४५ क्षेत्रे निर्माण झाली. शासनाच्या सेवेतील सुमारे चार हजार कर्मचारी नगरपालिकांच्या सेवेत वर्ग करण्यात आले. कायदे करणे व राष्ट्रीय माहितीव्यवस्था सांभाळणे ही कामे शासनाकडे राहिली; भत्ते देण्याचे काम राष्ट्रीय विमा संस्था व बेकारी निधी यांच्याकडेच आहे.

नव्या रचनेत नगरपालिकेचा आर्थिक वाटा शंभर दिवसांनंतर १० टक्क्यांपासून सुरू होऊन सातशे दिवसांनंतर ५० टक्क्यांपर्यंत चढतो व तो मूलभूत बेकारी भत्त्यासही लागू आहे. पूर्वी बेकार व्यक्तीस एखाद्या उपक्रमात घातले की तेवढ्या काळापुरता नगरपालिकेचा भार थांबे. त्यामुळे नोकरीपेक्षा उपक्रमच सोयीचे ठरत. नव्या कायद्याने ही सवलत काढून घेतली.

मूल्यमापन : हस्तांतरणाच्या समर्थकांच्या मते स्थानिक मालक, शाळा व प्रशिक्षणसंस्था यांची माहिती नगरपालिकेस जवळून असते, खर्चाची जबाबदारी व कृतीचा अधिकार एकत्र आल्याने तिला बेकारी कमी करण्यात स्वतःचे हित दिसते. आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. श्रमबाजार नगरपालिकेच्या हद्दीत मावत नाही. आपल्या रहिवाशाला दूरच्या नगरात काम मिळाले व तो तेथे स्थायिक झाला, तर नगरपालिका करदाता गमावते. भत्त्यांचा भार टाळण्यासाठी बेकार व्यक्तीस निवृत्तिवेतनासारख्या अन्य योजनांत ढकलण्याचा मोह होऊ शकतो. फिनलंडमध्ये भत्त्याच्या पात्रतेविषयीचा अभिप्राय सेवायोजन-क्षेत्रच देते. एखाद्याचा भत्ता थांबविणाऱ्या निर्णयाशी निर्णय घेणाऱ्या संस्थेचे आर्थिक हित असे जोडले जाते. मंदीच्या काळात, जेव्हा रिक्त जागाच नसतात, तेव्हा स्थानिक प्रयत्नांना मर्यादा पडतात, परंतु खर्चाचा वाटा मात्र वाढत जातो. फिनलंडमधील हस्तांतरणाची पहिली पावले वाढत्या बेकारीच्या काळातच पडली.

सर्वच देशांनी पूर्ण हस्तांतरणाचा मार्ग धरलेला नाही. जर्मनीत २००५ पासून ६९ स्थानिक संस्थांना दीर्घकालीन बेकारांचे काम स्वतंत्रपणे देण्यात आले; इतरत्र शासकीय संस्था व स्थानिक संस्था यांची संयुक्त कार्यालये निघाली. घटना न्यायालयाने २० डिसेंबर २००७ रोजी ही संयुक्त रचना घटनाबाह्य ठरविली, कारण कोणत्या निर्णयास कोण जबाबदार हे नागरिकास स्पष्ट कळत नव्हते. २०१० च्या घटनादुरुस्तीने संयुक्त कार्यालयांस आधार दिला व २०१२ पासून स्वतंत्र स्थानिक संस्थांची संख्याही वाढविण्यात आली. नॉर्वेने २००६ पासून शासन व नगरपालिका यांची भागीदारी स्वीकारली, तर पोलंडमध्ये २००० पासून श्रम कार्यालये जिल्हा पातळीवरील स्वशासनाकडे आहेत.

सेवायोजन हे कोणाकडे असावे, या प्रश्नाच्या तळाशी दोन मागण्यांचा संघर्ष आहे. बेकार नागरिकास देशात कोठेही राहात असला तरी समान वागणूक मिळावी, ही पहिली. त्याच्या अडचणी ओळखणारा अधिकारी त्याच्या जवळ असावा, ही दुसरी. विसाव्या शतकातील केंद्रीकरणाने पहिली मागणी पुढे नेली, तर नंतरच्या हस्तांतरणाने दुसरी. निधीची विभागणी व निर्णयावर दाद मागण्याची सोय यांवरच या दोहोंचा मेळ अवलंबून राहतो.