सेवादात्याचा घरगुती राउटर

सेवादात्याचा घरगुती राउटर हे इंटरनेट जोडणीसोबत सेवादाता कंपनीने ग्राहकाच्या घरी बसवलेले यंत्र होय. ऑप्टिकल फायबरवरील जोडणीत हा राउटर बहुधा ‘ओएनटी’ या फायबरच्या टोकाच्या यंत्रासह एकाच डब्यात असतो. यंत्र ग्राहकाच्या घरात असले, तरी त्याची मांडणी बदलण्याचे सर्व अधिकार ग्राहकाकडे नसतात. त्यातून उद्भवणाऱ्या काही मर्यादा स्वतःचा राउटर जोडून दूर करता येतात. काही मात्र सेवादात्याच्या जाळ्यातच असल्याने राउटर बदलूनही कायम राहतात.

## पार्श्वभूमी

भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून व एडीएसएल मोडेममार्फत होत असे. पुढे तिची जागा फायबरने घेतली. घरगुती फायबरसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘जीपॉन’ ही पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००३ पासून प्रमाणित केली. तीत एक फायबर विजेशिवाय चालणाऱ्या विभाजकांमधून अनेक घरांना वाटला जातो. सुमारे २० किलोमीटरपर्यंतच्या अशा जाळ्याची क्षमता उतरत्या दिशेने सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, तर चढत्या दिशेने सुमारे १.२५ गिगाबिट असते व ती सर्व घरांत विभागली जाते.

फायबर सामायिक असल्यामुळे प्रत्येक ओएनटीची अनुक्रमांकासह नोंद सेवादात्याकडे असते. बाजारातून आणलेले ओएनटी थेट जोडून चालत नाही, ते याच कारणाने. शिवाय ‘टीआर-०६९’ या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीमुळे सेवादात्याला राउटरची मांडणी व त्यातील प्रणाली दुरून बदलता येते.

## शिरूर व दौंड तालुक्यांतील स्थिती

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड ही तालुक्यांची गावे आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या तालुक्यांत नागरी वस्ती वाढली असली, तरी अनेक कुटुंबे गावठाणाबाहेर शेतातील वाड्यावस्त्यांवर राहतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्रीय योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली व २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव देण्यात आले. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा टप्पा मात्र वेगळा असतो. तो पुष्कळदा स्थानिक केबलचालकांमार्फत पूर्ण होतो.

वस्तीवरील घराला राउटरच्या मर्यादा अधिक जाणवतात. डबा फायबर जिथून घरात येते त्या खोलीत बसतो, तर वापर गोठा, शेड, विहिरीवरील पंप यांपर्यंत पसरलेला असतो. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो आणि तेथील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. अशा ठिकाणी गोठ्याजवळचा कॅमेरा दुरून पाहता येणे हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

## प्रमुख मर्यादा व उपाय

### वाय-फायचा पल्ला

२.४ गिगाहर्ट्‌झ लहरी भिंतींतून तुलनेने दूर जातात, परंतु तेथे एकमेकांत न मिसळणारे १, ६ व ११ हे तीनच चॅनेल सामान्यतः वापरता येतात. ५ गिगाहर्ट्‌झ लहरींचा वेग जास्त असला, तरी जाड दगडी वा काँक्रीटच्या भिंतींत त्या लवकर क्षीण होतात. पत्र्याची भिंत दोन्हींना अडवते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ओएनटीपासून इथरनेट तार ओढून दुसऱ्या टोकाला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ बसवणे. तांब्याच्या इथरनेट तारेची प्रमाणित मर्यादा १०० मीटर आहे. त्याहून दूरच्या शेडसाठी स्वतंत्र फायबर किंवा समोरासमोर बसवलेले बिनतारी अँटेना वापरतात.

### ब्रिज पद्धत व दुहेरी भाषांतर

ग्राहकाने आपला राउटर सेवादात्याच्या राउटरमागे जोडल्यास पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. साध्या वापरात याने अडथळा येत नाही. मात्र काही ऑनलाइन खेळ व बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडखळतात. यावर तीन मार्ग आहेत. पहिल्यात सेवादात्याला सांगून ओएनटी ‘ब्रिज’ पद्धतीत टाकले जाते; मग ते केवळ प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते आणि पीपीपीओई पद्धत असल्यास वापरकर्तानाव व पासवर्ड ग्राहकाच्या राउटरमध्ये भरतात. दूरध्वनी सेवा त्याच डब्यातून येत असल्यास तिची मांडणी आधी तपासावी लागते. दुसऱ्या मार्गात जुन्या राउटरमधील ‘डीएमझेड’ सोयीने येणारी सर्व वाहतूक नव्या राउटरकडे वळवतात. तिसऱ्यात नवे यंत्र राउटर म्हणून न वापरता केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवतात. त्या वेळी त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद ठेवावे लागते, अन्यथा एकाच जाळ्यात दोन यंत्रे पत्ते वाटू लागतात.

### सामायिक सार्वजनिक पत्ता

आशिया-प्रशांत विभागाचा आयपीव्ही४ पत्त्यांचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. या व्यवस्थेस ‘सीजीनॅट’ म्हणतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाह्य पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या २०१२ मध्ये राखून ठेवलेल्या पट्ट्यात असल्यास ग्राहक सीजीनॅटमागे असतो. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट उघडून काहीही साध्य होत नाही, कारण अडथळा घराबाहेर असतो. शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, आयपीव्ही६ वापरणे किंवा घरातून बाहेरच्या सर्व्हरकडे ‘वायरगार्ड’सारखा सुरक्षित बोगदा उघडणे हे पर्याय उरतात. कॅमेऱ्यांची मोबाइल अ‍ॅपे बहुधा याच तत्त्वावर, म्हणजे आतून बाहेर जोडणी उघडून, चालतात.

### वीजपुरवठा

तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला वीज एक्स्चेंजमधून मिळे. ओएनटीला ती घरातूनच द्यावी लागते. वीज गेल्यावर इंटरनेटसह त्यावरील दूरध्वनीही बंद पडतो. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालत असल्याने योग्य व्होल्टेज व अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस पुरेसा ठरतो. ग्राहकाने वेगळा राउटर जोडला असल्यास दोन्ही यंत्रांना आधार द्यावा लागतो.

## सुरक्षा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले होते. तेथील रहिवाशाचा त्याच्याशी संबंध नसला, तरी तपास प्रथम त्याच्या दारी पोहोचला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या एका प्रकाराने दुरून देखभालीसाठी उघड्या असलेल्या पोर्टवर केलेल्या हल्ल्यात जर्मनीतील सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली.

यामुळे स्वतःच्या राउटरचा निर्णय दुहेरी ठरतो. नियंत्रण ग्राहकाकडे येते, तशी प्रणाली अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही येते.

## राउटर निवडीचा हक्क

युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचे अंत्ययंत्र वापरण्याचा हक्क मान्य केला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून सेवादात्याच्या राउटरची सक्ती कायद्याने संपुष्टात आली.